पंचावन्न वर्षांची स्तनदा माता

(वसंत व्याख्यानमालेत एका निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिकेने दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून.)

अध्यक्ष महाराज, आणि पंखा नेमका जिथे पोचत नाही तिथे बसलेल्या माझ्या बहिणींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'हंगामी स्थलांतर आणि शिशुपोषण : काही प्रश्न'. तो मी दिलेला नाही. मी फोनवर म्हटलं होतं, 'एका आजीबद्दल बोलेन.' संयोजक म्हणाले, 'बाई, पत्रिकेवर ते बरं दिसत नाही.' त्यामुळे आजचा करार असा, की आधी मी आजीबद्दल बोलणार आणि वेळ उरला तर प्रश्नांबद्दल. वेळ उरणार नाही हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी इथेच पाणलोटावर बोलणाऱ्या सरांचं काय झालं ते मी तिसऱ्या रांगेतून बघितलंय.

सुरुवात एका तक्रारीनं करते, आणि ती आपल्या भाषेबद्दल आहे. आपण म्हणतो, माय मरो पण मावशी जगो. माय गेल्यावर म्हणीनं पोर थेट मावशीच्या ओटीत टाकलं. आजी कुठे आहे? माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत आई गेलेली जेवढी तान्ही पोरं बघितली, त्यांतली बहुतेक आजीच्या मांडीवर होती. मावशीला तिचा संसार असतो, तिची सासू असते. आजीला आपण दुसरी म्हण दिली, नातवंड म्हणजे दुधावरची साय. छान आहे. पण जिथे दूधच नाही तिथे साय कशावर धरायची?

आता ऊसतोड मजुरांच्या तळावर चला. तुम्हाला तळ सांगायला नको, नोव्हेंबर ते मार्च तुमच्याच गावाबाहेर पडलेला असतो. पाचटाच्या कोप्या, बैलं, टायरगाड्या. आपण गाडीची काच वर करून पुढे जातो. मीही जायचे. पण २०१४ च्या हंगामात तळावरच्या मुलांचं वजन घ्यायचं काम माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांकडे आलं. सॉल्टर काटा पिशवीत टाकून सेविकेबरोबर गेले. काटा टांगायला झाड नव्हतं, म्हणून उभ्या केलेल्या बैलगाडीच्या धुरीला टांगला. एकेक पोर झोळीत घालायचं, ओरडायचं, उतरवायचं. शेवटी एक बाई आली, पदराखाली काहीतरी घेऊन. मला वाटलं कोंबडी. तीन महिन्यांची पोर होती. काटा तीन किलो सहाशेवर थांबला. मी काट्यावर टिचकी मारली, कधीकधी अडकतो. अडकला नव्हता. वाढीच्या तक्त्यावर टिंब लाल पट्ट्यात, म्हणजे वजन फारच कमी.

मी म्हटलं, 'मावशी, हिची आई कुठाय?' ती म्हणाली, 'ती न्हाई बाई. म्याच हाय.'

पाटोद्याकडची होती. पोर पोळ्याच्या दिवशी जन्मली. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं, त्याच्या आदल्या रात्री बाळंतीण तापानं गेली. मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली, त्यातली निम्मी बाळंतपणातच संपलेली. आणि हिशेब तर तुम्हाला ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको गेली म्हणजे मुलगा उरला अर्धा कोयता, उचल मात्र पुरी. मग दुसरा अर्धा कोण? आई. मायलेक मिळून एक कोयता झाले आणि तान्ही पोर घेऊन दोन-अडीचशे किलोमीटर खाली आले. म्हणजे ही बाई पोर सांभाळायला आलेली आजी नव्हती. ऊस तोडायला आलेली होती, पोर वरकड.

पहाटे चारला फडात जायची. झोळी गाडीखाली बांधलेली, आणि झोळीच्या दोरीला बैलाच्या गळ्यातली घंटी. पोर हललं की घंटी वाजणार, मग ती तिसऱ्या-चौथ्या सरीतून हातातला कोयता तसाच खाली टाकून यायची. मी विचारलं, 'बैलाची घंटी आणि हिची घंटी कळते कशी?' तर माझ्याकडे असं बघितलं, की मी तो प्रश्न परत कुणाला विचारला नाही.

दूध शेळीचं. घरून आणलेली एकच शेळी, तिच्यामागे एक करडू. तीन दगडांच्या चुलीवर, पाचटाच्या जाळावर दूध उकळायचं. इथल्या कुणी पाचटावर दूध तापवलंय? भसकन पेटतं, भसकन विझतं. दूध उतू जातं नाहीतर कच्चं राहतं. ती एका हातानं मूठमूठ पाचट सारायची, दुसऱ्या हातानं पळी. मग ते दूध जर्मलच्या बोंडल्यात.

बोंडलं. तरुण मंडळींसाठी आणलंय, हे बघा. हे आमच्या घरचं, चांदीचं आहे, खाली फिरवते, परत द्या. वाटीला चोच काढली की बोंडलं. तिचं जर्मलचं होतं आणि चोच एका बाजूला चेमटलेली. पोरीला मांडीवर अर्धवट उभी धरायची, चोच ओठाच्या कोपऱ्याला लावायची, ओतायचं नाही, पोर आपल्या जिभेनं ओढेल तेवढंच. आडवं झोपवून ओतलं तर दूध श्वासनळीत जातं आणि मूल दगावतं, हे मी प्रशिक्षणात शिकवायचे. तिला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक.

आणि मी काय केलं? चौथ्या दिवशी बाजारातून प्लॅस्टिकची दूधबाटली नेऊन दिली. स्वतःच्या पैशानं. वर खुणा असलेली, गुलाबी झाकणाची. फार बरं वाटलं मला. हसू नका. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, अर्भकांच्या दुधाच्या डब्यांबद्दल आणि दूधबाटल्यांबद्दल. त्याप्रमाणे बाटली फुकट वाटायलासुद्धा मनाई आहे. म्हणजे सरकारी नोकरीत असताना मी तळावर जाऊन कायदा मोडला, तोही शिशुपोषणाच्या नावानं. आज निवृत्त आहे म्हणून सांगते.

पुढच्या आठवड्यात गेले तर बाटली करडाच्या तोंडात! शेळीचं दूध पोरीला द्यायचं, मग करडू उपाशी. म्हणून ती त्याला बाटलीतून कण्यांची पेज पाजत होती. मी जरा चिडलेच. ती म्हणाली, 'बाई, तुमची बाटली लई चांगली हाय. पर तिचं बोंडूक आतून धुता येत न्हाई. हितं पाणी कुठाय उकळायला? बोंडलं कसं, राखंनं घासलं की आत-भाईर दिसतंय.' जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते, वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर वाटी-चमच्यानं द्या, बाटली टाळा. माझ्या पिशवीत ते पत्रक होतं. पिशवीत होतं.

दूध पाजण्यावरून एक आठवलं, सांगूनच टाकते. संभाजीराजांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ आपण सगळे अभिमानानं सांगतो. सईबाईंची प्रकृती बरी नव्हती, धाराऊ दूधआई झाली. १६५९ मध्ये सईबाई गेल्या तेव्हा राजे सव्वादोन वर्षांचे, पुढे सांभाळलं जिजाऊंनी. म्हणजे दूधआई आणि आजी, दोघींच्या जिवावर आपला छत्रपती वाढला. साडेतीनशे वर्षांपूर्वी जे गडावर कळत होतं ते आमच्या नोंदवहीत का नसावं? धाराऊची नोंद मी कोणत्या रकान्यात घेतली असती?

आता नोंदवहीकडेच येते, माझं खरं दुखणं तिथे आहे. आमच्याकडे आहार कुणाला? गरोदर मातेला, स्तनदा मातेला मूल सहा महिन्यांचं होईपर्यंत, आणि सहा महिन्यांपुढच्या मुलाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातही हेच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी काय लिहिलंय? निव्वळ स्तनपानाला प्रोत्साहन द्यावं. तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे, मी आयुष्यभर तेच सांगत हिंडले. पण स्तनच चितेवर गेले असतील तर प्रोत्साहन कुणाला देऊ? बाळाचं वजन वहीत येतं, खाणं आईच्या नावावर येतं. आई नाही म्हणजे नाव नाही, नाव नाही म्हणजे पाकीट नाही.

सेविका बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, 'लिही. स्तनदा माता, वय पंचावन्न.' तिनं लिहिलं. वयाचा दाखला नव्हता, पण बहात्तरच्या दुष्काळात ती बारा-तेरा वर्षांची होती, खडी फोडायला जायची, त्यावरून हिशेब धरला. पाकिटं सुरू झाली. सुकडीचं पाकीट फोडून तिनं चिमूट तोंडात टाकली आणि हसली. 'ही व्हय! बहात्तरला खडीवर हीच देत व्हते.' चाळीस वर्षांनी तीच सुकडी, फक्त पिशवी चकचकीत.

मी समजत होते, बाई उसाच्या मोळ्या वाहतेय, दोन घास तिच्या पोटात जातील. महिन्याभरानं कळलं, ती निम्मी सुकडी शेळीला चारत होती. मी काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, 'बाई, दूध कोण देतंय? तिलाच खायला घालावं का न्हाई?' निकषाप्रमाणे बघितलं तर वहीत शेळीचंच नाव हवं होतं.

मग तपासणी आली. साहेबांनी बोट ठेवलं ते नेमकं पंचावन्नवर. मला कागद आला. पंचावन्न वर्षे वयाच्या महिलेची स्तनदा माता म्हणून नोंद कोणत्या निकषाच्या आधारे घेतली, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. मी त्याच रात्री लिहिला. अडीच ओळींचा. 'सदर महिला सदर बालकास दूध पाजते. दूध शेळीचे आहे. सबब नोंद योग्य आहे.' खुलासा अमान्य झाला. पाकिटांची किंमत माझ्या पगारातून गेली, फार नव्हती. सेविकेला मात्र सगळ्यांसमोर बोलणी बसली, ते मला आजही लागतं, कारण लिही म्हणणारी मी होते.

चिठ्ठी आली का? पाच मिनिटं. तीनच? बरं.

तर आता तो छापलेला विषय. घाईत सांगते, लिहून घ्यायचं तर घ्या.

पहिलं म्हणजे आहार मुलाच्या नावावर द्या, आणि पाकीट ज्याच्या मांडीवर मूल आहे त्याच्या हाती. आजी, आत्या, बाप, कुणीही. वहीत एक रकाना वाढवायचा आहे, 'सांभाळणारी व्यक्ती'. २०२१ पासून सगळं पोषण ट्रॅकरवर फोनमध्ये आलंय, म्हणजे रेघ मारायला पट्टीसुद्धा लागणार नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बिनआईच्या बाळाला नुसतं शेळीचं किंवा गाईचं दूध पुरत नाही. दोन्हींत लोह कमी, शेळीच्या दुधात फोलिक ॲसिडही कमी. आमच्या पोरीचं अंग पांढरंफटक पडलेलं होतं. मातृदुग्धपेढ्या आहेत, आशियातली पहिली आपल्या मुंबईत, शीवच्या रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली. पण ते दूध मुख्यतः रुग्णालयातल्या नाजूक बाळांसाठी, उसाच्या फडात ते पोचायचं नाही. म्हणजे डब्याचं दूध, आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर, प्राथमिक आरोग्य केंद्रातून, दर आठवड्याला वजन करून, वाटी-चमच्यासकट मिळालं पाहिजे. १९९२ चा कायदा सैल करा असं मी म्हणत नाही, कंपन्या टपून बसलेल्या असतात. पण त्याच कायद्यात वाटपाला अनाथालयाचा अपवाद आहे. पोर अनाथालयात टाकलं तर डबा देता येतो, आजीनं मांडीवर ठेवलं तर येत नाही, हे बघा जरा कुणीतरी वकील मंडळींनी.

बालसंगोपन योजना आहे, महिना २२५० रुपये, एक पालक गेलेल्या मुलालाही मिळते. पण अर्ज गावाकडे, दाखले गावाकडे, आणि आजी सहा महिने इथे. अर्ज तळावर घेता आला पाहिजे. आणि अर्ध्या कोयत्याचं... मुकादम, कारखाना, उचल फिरवण्याचा प्रश्न, त्यावर मला वीस मिनिटं हवी होती. राहिलं. पुढच्या वर्षी बोलवा.

नाही, पोरीचं सांगते, एवढं ऐकून उठा. होळीच्या आठवड्यात शेवटचं वजन घेतलं, पाच किलो तीनशे. लालमधून पिवळ्यात. त्याच सुमारास तिला सहा महिने पूर्ण झाले, म्हणजे वहीत तिचा स्वतःचा रकाना उघडला, स्वतःची सुकडी. सेविकेनं ठळक अक्षरात नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळी गावाला निघाली. मी पोचले तेव्हा कोप्या मोडून गाड्या भरत होते. करडाची बाटली गाडीच्या साट्याला टांगलेली होती, गुलाबी झाकण तेवढं हरवलेलं. ती म्हणाली, 'बाई, तुमची वस्तू न्यायची का?' मी म्हटलं, 'असू द्या मावशी, करडाला लागेल.'

धन्यवाद. बोंडलं कुठवर पोचलं? चौथी रांग? पुढे द्या, पुढे द्या. मागे एका व्याख्यानात त्याच्याबरोबरचा चमचा गेला तो गेलाच.