आडनाव राहू द्या, आधी जमीन शोधा

मंडळी, आपल्याकडे कुळाचा शोध घ्यायचा तर माणूस त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे जातो. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात, आणि नशीब असेल तर पणजोबांची सही समोर येते. कॅनडात, सस्कॅचेवान प्रांतात राहायला गेलो तेव्हा शेजारच्या आजींनी मला विचारलं, "माझे आजोबा नेमके कुठं शेती करायचे, सापडेल का?" मी त्र्यंबकेश्वरच्याच सवयीनं आडनाव घेऊन बसलो. आठवडा वाया गेला.

आजोबा गॅलिशियाचे. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे होता. आज थोडा पोलंडमध्ये, थोडा युक्रेनमध्ये आहे. सांगणारा युक्रेनी बोलणारा, लिहिणारा इंग्रज कारकून. एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं, मायदेशही दर वेळी वेगळा.

जमीन मात्र नाव बदलत नाही. तिथल्या सर्वेक्षणात सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन म्हणजे एक टाउनशिप. त्यात एकेक चौरस मैलाचे 36 सेक्शन. क्रमांक आग्नेय कोपऱ्यात सुरू होतात आणि औत तासाच्या टोकाला वळतं तसे वळत वर जातात. सेक्शनचा चौथा हिस्सा 160 एकरांचा. त्याचा पत्ता वाचता आला की समजा सातबारा हाती लागला.

1872 च्या कायद्यानं हे 160 एकर दहा डॉलर फी भरून मिळत. अट अशी की तीन वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, माळ मोडून पीक काढायचं. मालकी मागताना शेतकऱ्यानं शपथेवर दिलेला जबाब होमस्टेडच्या, म्हणजे अशा अटीवर मिळालेल्या जमिनीच्या, फायलीत असतो, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच कागद. कोणत्या वर्षी किती एकर मोडले, किती पेरले, जनावरं किती, घर किती फुटांचं, मधे कुठं गेला होतास आणि का. दोन शेजाऱ्यांची साक्षही लागे. त्यांची नावं जरूर टिपून घ्या. पुष्कळदा एकाच गावाकडची माणसं शेजारी शेजारी जमीन घेत.

फाईल वाचताना वाटतं, जमीन रिकामीच पडली होती. नव्हती. क्री, सोटो, नाकोडा या तिथल्या मूळ रहिवाशांशी सरकारचा 1874 चा चौथा आणि 1876 चा सहावा करार झाला, त्यानंतर तिथं वसाहत फोफावली. त्या घराण्यांचा माग वेगळ्या कागदांत काढावा लागतो.

गावोगावचे इतिहासग्रंथही पाहा. 1980 मध्ये प्रांताला 75 वर्षं झाली, त्या सुमारास गावांनी असे जाडजूड ग्रंथ खूप काढले. तारखा, शाळा, फोटो भरपूर. पण आपल्या घराण्याची हकीकत बहुधा घरच्यांनीच लिहिलेली. तेव्हा कर्ज आणि भाऊबंदकी त्यात शोधू नका.

बायकांचं काय? एकट्या बाईला ही जमीन मिळत नसे. विधवा असेल आणि पदरी लहान मुलं असतील तरच. आजींच्या आजीचा उल्लेख फायलीत 'पत्नी' एवढाच. नाव सापडलं ते 1906 च्या शिरगणतीत. ती खास मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांसाठी झाली होती. जमिनीचा क्रमांक हाताशी होता, म्हणून वेड्यावाकड्या आडनावातही घर ओळखू आलं. नवरा, बायको, मुलं, आणि त्याच ओळीत पुढे घोडे, दुभत्या गाई, डुकरं.

मी ती नक्कल आजींना नेऊन दिली. नावावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं, मग गाईंच्या रकान्यावर थांबल्या. म्हणाल्या, "दोन. आणि धारा कोण काढायचं, ते विचारायला कुणी आलं नव्हतं वाटतं."