ताटातले विष आणि राखेतले विष

मंडळी, आजचा जाहीर विषय ‘अन्न आणि परिसरातील रसायने’ असा आहे. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेबद्दल बोलावे, अशी आयोजकांची अपेक्षा आहे आणि तिथवर मी येणारच आहे. परंतु त्याआधी लाखोळीच्या डाळीचा विषय काढल्यावाचून मला राहवणार नाही. मला पूर्वी ऐकलेले लोक आताच हसू लागले आहेत, हे इथून स्पष्ट दिसते.

लाखोळी हे आपल्या भंडारा-गोंदियाकडचे पीक. धान उभे असतानाच बांधीतल्या ओलीवर बी फेकायचे आणि विसरून जायचे. पाणी, खत, फवारणी यांची तिला फारशी गरज नाही. आज ‘विषमुक्त’ अशी चिठ्ठी पाहून आपण ज्या मालाला दुप्पट भाव देतो, त्याचा हा नमुनाच म्हणावा. मात्र याच डाळीच्या दाण्यात ओडॅप नावाचे मज्जासंस्थेला घातक द्रव्य असते आणि ते कोणत्याही कारखान्याने घातलेले नाही. दुष्काळात दुसरे काही न मिळाल्याने महिनोन्महिने तीच डाळ पोटात गेली, तर पाय लुळे पडतात आणि ते पुन्हा सुधारत नाहीत. त्यामुळे १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. खाणारे अर्थातच खात राहिले आणि डाळ चोरून बेसनात मिसळली जाऊ लागली. ही बंदी उठावी म्हणून आपल्याच नागपूर शहरातून दीर्घकाळ आवाज उठला आणि महाराष्ट्राने २००८ मध्ये ती उठवली. आमच्या घरी आजी ही डाळ कढत पाण्यात भिजवून ते पाणी परसात ओतून द्यायची आणि मगच वडे करायची. ओडॅप पाण्यात विरघळते, हे तिला कोणी सांगितले नव्हते; तरी त्यातला बराच अंश ती नेमका बाहेर टाकत होती. सणाला चार वडे खाणारा माणूस आणि वर्षभर त्याच डाळीवर जगणारा मजूर यांच्यातला फरक बंदीच्या कागदाला कधी दिसलाच नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

गुळाचेही तसेच आहे. पिवळाधमक गूळ आपणच मागतो, म्हणून गुऱ्हाळवाला काकवीत ‘हायड्रॉस’ हे रंग उजळवणारे रसायन टाकतो. आणि मग रसायनांच्या नावाने बोटे मोडायलाही आपणच पुढे असतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा आता घाईने मांडतो. रसायन आहे की नाही, यापेक्षा ते किती, किती काळ आणि कोणाच्या अंगात जाते, हे विचारले पाहिजे. भाजीवरच्या अंशाची धास्ती आपण घेतो. पण २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा ते विष ताटातून आलेले नव्हते. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, मास्क-हातमोज्यांवाचून, पाठीवर पंप घेऊन फवारताना ते श्वासातून आणि कातडीतून गेले.

आता राख. आपल्या शहराजवळच्या कोराडी आणि खापरखेडा इथल्या औष्णिक वीज केंद्रांत जळणाऱ्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते आणि त्या राखेत आर्सेनिक, शिसे, पारा यांचे अंश असतात. ती पाण्यात कालवून तलावांत सोडली जाते. २०२२ च्या पावसाळ्यात कोराडीच्या राख तलावाचा बांध फुटला आणि ती राख आसपासच्या शेतांत व नाल्यांत पसरली. शहरात आपण बाटलीबंद किंवा गाळलेले पाणी पितो. तलावालगतच्या गावातला माणूस मात्र विहिरीचेच पाणी पितो, तोच वारा घेतो, त्याच शेतातली भाजी खातो आणि हे सारे वर्षभर चालते. लाखोळीच्या मजुरासारखीच त्याचीही मात्रा रोज साचत जाते. म्हणून या गावांतल्या विहिरींची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर झाली पाहिजे आणि तिचे आकडे मराठीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. उन्हाळ्यात कोरड्या तलावांतून राख उडू नये म्हणून ती सतत ओली ठेवली जाते की नाही, हे तपासण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला पाहिजे. नदीत जाणाऱ्या पाण्याचा भाग राहिला. तो प्रश्नोत्तरांत घेऊ.