यंत्रं आली, उत्पादकता का नाही वाढली?

उत्पादकता मोजताना एकूण उत्पादनाला भागाकार कामगारांच्या संख्येने नको, कामाच्या तासांनी करायचा. अर्धवेळ काम करणारे वाढले की दर कामगारामागचा आकडा घसरतो आणि देश ढिला पडल्याचा भास होतो.

समजा, ताशी उत्पादन वर्षाला 3 टक्क्यांनी वाढतंय. राष्ट्रीय उत्पन्नात भांडवलाचा वाटा साधारण एक तृतीयांश, श्रमाचा दोन तृतीयांश. कामाच्या दर तासामागचं भांडवल, म्हणजे यंत्रं-इमारती, 4.5 टक्क्यांनी वाढलं असेल तर त्याचं योगदान त्याच्या एक तृतीयांश, 1.5. शिक्षण-अनुभवाने श्रमाचा दर्जा 0.6 टक्क्याने सुधारला असेल तर त्याच्या दोन तृतीयांश, 0.4. उरले 1.1; हीच एकूण घटक उत्पादकता, म्हणजे भांडवल आणि श्रम यांच्या वाढीने न उलगडणारी वाढ. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1957 मध्ये अमेरिकेच्या 1909 ते 1949 या काळाचा असा हिशेब मांडला, तेव्हा ताशी उत्पादनाच्या वाढीतला जेमतेम आठवा भाग भांडवलाच्या खात्यात पडला. बाकी सगळं या उरलेल्या खात्यात! पण त्याला सरसकट ‘तंत्रज्ञान’ म्हणू नका. तेजीत तीच यंत्रं दोन पाळ्यांत चालतात, कागदावर भांडवल तेवढंच राहतं आणि हे खातं उगाच फुगतं.

मग गुंतवणूकच वाढवत राहिलं तर? भांडवलाचा साठा वार्षिक उत्पन्नाच्या तिप्पट आणि घसारा 5 टक्के धरा. उत्पन्नातले 15 टक्के नुसते झिजलेलं भरून काढण्यात जातात. साठा जितका मोठा, तितकं हे ओझं मोठं. शिवाय प्रत्येक नव्या यंत्रातून मिळणारी भर आधीपेक्षा कमी.

कौशल्याचा प्रश्न इथेच येतो. कारखान्यांत वीज आली तेव्हा अनेकांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली. सगळी यंत्रं फिरवणारा छताखालचा दांडा आणि पट्टे तसेच ठेवले. फायदा फारसा झाला नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, कामाच्या क्रमाने मांडणी बदलली, ती चालवणारे तयार झाले, तेव्हा कुठे अमेरिकी कारखान्यांची उत्पादकता उसळली. 1882 मध्ये न्यूयॉर्कला वीजकेंद्र सुरू झालं होतं. ही उसळी 1920च्या दशकातली. शाळेत किती वर्षं काढली एवढंच मोजणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

जागतिकीकरणाने यंत्रं स्वस्त मिळतात, बाजार मोठा होतो, ढिसाळ कंपन्या मागे पडतात. मात्र निर्यातीच्या आकड्याने हुरळून जाऊ नये: 100च्या मालात 80चे सुटे भाग आयात केलेले असतील, तर देशाची कमाई 20च. दुसरी मेख अधिक अवघड आहे. समजा, एका उद्योगात 100 माणसं प्रत्येकी ताशी 500 रुपयांचं मूल्य निर्माण करतात, एकूण 50,000. स्पर्धेमुळे 40 जण बाहेर पडले, उरलेले 60 जण 600वर पोचले. उद्योगाची उत्पादकता 20 टक्क्यांनी वाढली! पण ते 40 जण ताशी 150च्या किरकोळ कामात गेले असतील, तर बेरीज 42,000च भरते. म्हणून उद्योगाचा अहवाल वाचताना बाहेर पडलेले कुठे गेले, हा रकाना आधी शोधावा. बहुतेक वेळा तो नसतोच.