मखमल आणि पैसा

(पहाट. पावसाने भिजलेला बांध.)

मृग लागलाय. रात्री दोन सरी पडून गेल्या आणि सकाळी बांधावर कुणी कुंकू सांडून गेल्यासारखे लाल ठिपके दिसतायत. जरा वाकून बघा. ठिपके चालतायत!

हा मृगाचा किडा. अंगावर दाट, मऊ मखमल. आपल्यापैकी कितीजणांनी तो काडेपेटीत घालून शाळेत नेला असेल! नावात किडा असला तरी तो कीटक नव्हे. पाय मोजा: आठ. म्हणजे कोळी, विंचू आणि म्हशीच्या कानातली गोचीड यांच्या गोतातला.

(बांधाखालचा पाचोळा. पाला हलतो.)

इथे खाली दुसराच कारभार चाललाय. काळपट, लांबुळका प्राणी कुजका पाला कुरतडत सावकाश निघालाय. काडी लावली की वेटोळं घालून चकती होतो, म्हणून नाव पडलं पैसा. कुठे वाणी म्हणतात. लोक त्याला गोम समजून चपलेने चिरडतात, ते मात्र साफ चूक. गोमीला दर वलयाला पायांची एक जोडी आणि तोंडाजवळ विषारी नख्या. पैशाला बहुतेक वलयांवर दोन जोड्या, आणि नख्या नाहीतच. फार छेडलात तर तो उग्र वासाचा द्रव सोडतो. बोटावर तपकिरी डाग पडतो, इतकंच.

एक शिकारी, किडे आणि त्यांची अंडी खाणारा. दुसरा पालाखाऊ. पण दोघांच्या जन्माकडे बघा.

मृगाच्या किड्याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याला पाय सहाच. ते एखाद्या किड्याच्या अंगाला चिकटून त्याचा रस पितं, मग सुटून मातीत जातं, रूप पालटतं आणि आठ पायांचं होतं. तिथे मोजणी थांबली.

पैशाच्या बहुतेक जातींची पिल्लंही सहाच पायांनी सुरुवात करतात. पण हा गडी कात टाकत जातो आणि नव्या वलयांबरोबर नवे पाय कमावतो. पुस्तकात त्याला सहस्रपाद म्हणतात खरं, पण खरोखर हजारावर पाय असलेली जात जगापुढे आली ती थेट २०२१ मध्ये. पश्चिम ऑस्ट्रेलियात, जमिनीखाली ६० मीटरवर. पाय १३०६.

(ऊन चढतं.)

लाल ठिपके एकेक करून मातीत गडप होतायत. पैसा मात्र आज रात्री मोरीतून तुमच्या घरात येईल. केरसुणीने हलकेच सुपलीत घ्या, आणि परसात सोडून या.