ग्लॉक १९ : तिसऱ्या पिढीपासून पाचवीपर्यंत नेमकं काय बदललं

[दृश्य : टेबलावर दोन रिकामी पिस्तुलं. स्लाइड (नळीवर मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे अडकवलेल्या, मॅगझिन बाहेर.]

डावीकडे ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीचं तिसऱ्या पिढीचं, म्हणजे तिसऱ्या सुधारित आवृत्तीचं, ग्लॉक १९ पिस्तूल, उजवीकडे पाचव्या पिढीचं. दोन हात अंतरावरून कुठलं कोणतं हे सांगणं अवघड जातं. ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलं आणि त्याचीच नळी व मूठ आखूड करून १९८८ मध्ये १९ आलं. ९ बाय १९ मिलिमीटरचं काडतूस, १५ काडतुसांचं मॅगझिन, १०२ मिलिमीटरची नळी, पॉलिमरची फ्रेम. यातलं काहीही पिढ्यांनी बदललेलं नाही. फरक कळतो तो पिस्तूल हातात धरल्यावर, आणि त्याहून जास्त ते उघडल्यावर.

सुरुवात मुठीपासून करू, कारण बहुतेकांचा निर्णय इथेच होतो. तिसऱ्या पिढीच्या मुठीवर पुढच्या बाजूला बोटांसाठी खाचा आहेत. त्यांच्यामधले उंचवटे ठरावीक जागी असल्यामुळे ज्याची बोटं त्या मापाची, त्याला पकड घट्ट बसते. जाड किंवा बारीक बोटांच्या माणसाचं मात्र एखादं बोट थेट उंचवट्यावरच येतं. मग पकड एकतर वर सरकते किंवा सैल पडते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला हात पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. या तक्रारीला घासून-कापून करण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता.

२०१० मध्ये आलेल्या चौथ्या पिढीने खाचा तशाच ठेवल्या, पण मुठीच्या मागच्या बाजूला हात घातला. मूळ फ्रेम चापापर्यंतच्या अंतरात सुमारे २ मिलिमीटरने कमी केली आणि सोबत बदलता येणारे मागचे पट्टे दिले. मधला पट्टा लावला की अंतर जवळपास तिसऱ्या पिढीइतकं होतं, मोठा लावला की त्याहून आणखी २ मिलिमीटर वाढतं. पट्टा लावताना फ्रेमच्या मागची आखूड पिन काढून सोबत आलेली लांब पिन घालावी लागते. पट्टा त्या पिनवरच अडकलेला असतो. आखूड पिन तशीच ठेवली तर तो वरून धरला जात नाही आणि हलतो.

पाचव्या पिढीत बोटांच्या खाचा गेल्या. पट्ट्यांची सोय राहिली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ९ मिलिमीटरकडे परत वळत ग्लॉकला कंत्राट दिलं. त्यांच्यासाठी बनलेल्या १७ एम आणि १९ एम या पिस्तुलांमधूनच ऑगस्ट २०१७ मध्ये पाचवी पिढी बाजारात आली. सपाट पुढची बाजू सगळ्यांच्या हातात सारखीच बसते असं नाही, पण ती कुणालाच आडवी येत नाही. आमच्या मते पूर्ण पाचव्या पिढीतला हा सगळ्यात मोलाचा बदल आहे, आणि त्यात एकही नवा भाग नाही!

[दृश्य : रिकामं पिस्तूल सुटं करतानाचे हात, जवळून.]

आता आत पाहू. सुटं करण्याची पद्धत सगळ्या पिढ्यांत एकच. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी आणि करंगळीने तपासायची. हा क्रम उलटला, म्हणजे स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढलं, तर दरम्यान एक नवं काडतूस चेंबरमध्ये बसलेलं असतं. पुढची पायरी सुरक्षित दिशेला धरून चाप ओढण्याची आहे, कारण तो ओढल्याशिवाय स्लाइड सुटत नाही. साफसफाई करताना गोळी सुटल्याच्या घटना याच जागी घडतात, आणि पाचव्या पिढीनेही ही पायरी काढलेली नाही. मग स्लाइड साधारण ३ मिलिमीटर मागे घ्यायची, दोन्ही बाजूंचे लॉकचे टोक खाली ओढायचे आणि स्लाइड पुढून काढून घ्यायची.

स्लाइड उलटी केली की रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेली स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी स्प्रिंग, दिसते. तिसऱ्या पिढीत दांड्यावर एकच स्प्रिंग आहे. चौथीपासून एकात एक अशा दोन आल्या. दोन स्प्रिंगांचा जोड जास्त टिकतो आणि स्लाइडचा शेवटचा धक्का थोडा मवाळ होतो. पण ही सुधारणा पहिल्याच फटक्यात जमली नव्हती. चौथ्या पिढीच्या सुरुवातीच्या ९ मिलिमीटर पिस्तुलांत स्प्रिंग जास्त कडक होती. सौम्य भाराचं सरावाचं काडतूस वापरलं की स्लाइड पुरेशा वेगाने मागे जात नसे आणि काडतुसाचं रिकामं आवरण बाहेर पडता पडता अडकत असे. २०११ मध्ये ग्लॉकने स्प्रिंग मोफत बदलून देण्याची मोहीम काढली. त्यामुळे चौथ्या पिढीचं सुरुवातीचं पिस्तूल जुनं म्हणून घेताना ती स्प्रिंग बदलली आहे का, हे विचारून घ्यावं.

त्याच सुमारास दुसरी एक तक्रार होती, ती तिसऱ्या पिढीच्या शेवटच्या शेवटच्या पिस्तुलांतही आली : रिकामी आवरणं बाजूला न जाता थेट तोंडावर येणं. त्यावर इजेक्टरचा, म्हणजे रिकामं आवरण बाहेर फेकणाऱ्या भागाचा, आकार बदलला. जुन्या इजेक्टरवर ३३६ हा आकडा असतो, नव्यावर ३०२७४. फ्रेमच्या आत डोकावलं की तो दिसतो. पण आवरणं तोंडावर येतात म्हणून लगेच भाग मागवू नका. सैल मनगटाने धरलेलं हलकं पिस्तूलही हेच करतं. आधी दुसऱ्या नेमबाजाच्या हातात देऊन पाहा.

स्प्रिंग थकली आहे का, हे घरच्या घरी कळतं. पिस्तूल पूर्ण रिकामं करून नळी वर धरायची, चाप ओढून धरायचा, स्लाइड मागे घेऊन अगदी हळू पुढे सोडायची. स्लाइड शेवटच्या काही मिलिमीटरवर थांबली, पूर्ण बंद झाली नाही, तर स्प्रिंग बदलायची वेळ झाली. एकेरी स्प्रिंग बरेच जण ३ ते ५ हजार गोळ्यांनंतर बदलून टाकतात.

चापाच्या यंत्रणेत पाचव्या पिढीने बरंच केलं. जुन्या पिढ्यांत चापाची स्प्रिंग दोन टोकांच्या आकड्यांवर ताणलेली असते, आणि मोडते ती बहुधा आकड्यातच. मोडली की चाप लुळा पडतो, आपणहून पुढे येत नाही. पाचवीत तिच्या जागी दाबली जाणारी स्प्रिंग आली, जी जास्त टिकाऊ आहे. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळून ते पेटवणारी पिन, अडवून धरणाऱ्या सुरक्षा बटणाला उतार मिळाला, त्यामुळे चाप ओढताना मधली किरकिर कमी लागते. फायरिंग पिनचं टोकही बदललं. जुन्या टोकाची खूण काडतुसाच्या बुडावर लांबट आयत उमटवते, नव्याची तशी नसते. या सगळ्याने चाप हलका झाला असं समजू नका. फरक मुलायमपणाचा आहे, वजनाचा फारसा नाही.

तिसऱ्या पिढीत नळीला आधार देणाऱ्या लॉकिंग ब्लॉकसाठी चापाच्या पिनच्या वर आणखी एक पिन होती. पाचवीत ती गेली. फ्रेमच्या बाजूला पाहिलं की पिढी ओळखायची ही सोपी खूण आहे.

नळीबद्दल थोडक्यात. पाचव्या पिढीच्या नळीला कंपनी मार्क्समन बॅरल म्हणते. आतल्या पिळाचा आकार आणि तोंडाची कड सुधारली आहे. टेकू देऊन, २५ मीटरवर, सावकाश नेम धरणाऱ्याला ते जाणवू शकतं. ७ मीटरवर फरक शोधू नये. बहुकोनी पिळाच्या नळीत उघड्या शिशाची गोळी वापरू नये, हे जुन्या नळीला लागू आहे आणि नव्या नळीसाठीही तेच पाळावं. शिसं साचत जातं आणि दाब वाढतो.

[दृश्य : दोन्ही स्लाइड स्टॉप, डावी आणि उजवी बाजू.]

डावखुऱ्यांसाठी मात्र पाचवी पिढी खरोखर वेगळी आहे. स्लाइड स्टॉप, म्हणजे शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकवून ठेवणारी कळ, दोन्ही बाजूंना आला. मॅगझिन सोडायचं बटण चौथीपासूनच उलट बाजूला बसवता येतं. इथे एक खाच आहे, अगदी शब्दशः. जुन्या मॅगझिनला बटणासाठी एकाच बाजूला खाच असते. बटण उजवीकडे घेतलं की ते मॅगझिन अडकत नाही, खाली पडतं. बटण नेहमीच्या डाव्या बाजूला असेल तर जुनी मॅगझिनं नव्या पिस्तुलात चालतात. नवी मॅगझिनं जुन्या पिस्तुलातही चालतात.

दुहेरी स्लाइड स्टॉपचा एक तोटा आहे. अंगठा उंच ठेवणाऱ्यांचा अंगठा त्यावर दाबून राहतो आणि शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकत नाही. लोक मॅगझिनला दोष देतात. आधी अंगठा पाहा.

पाचव्या पिढीच्या पहिल्या पिस्तुलांत मुठीच्या तळाला, पुढे, अर्धचंद्राचा काप होता, अडकलेलं मॅगझिन ओढून काढता यावं म्हणून. करंगळीची कातडी त्यात चिमटते अशी ओरड झाली आणि पुढच्या उत्पादनात तो गेला. स्लाइडच्या पुढच्या बाजूलाही खाचा असलेली पिस्तुलं ही नंतरची, काप नसलेली.

सुटे भाग मात्र सरमिसळ करू नयेत. पाचव्या पिढीची नळी तिसऱ्या पिढीच्या स्लाइडसाठी नाही, चौथीची दुहेरी स्प्रिंग तिसरीत बसत नाही, चापाचे बरेच भागही वेगळे. तिसरी पिढी बाजारातून वर्षानुवर्षं हटली नाही त्याचं एक कारण हेच. तिची नक्कल करणारी पिस्तुलं आणि तिच्यासाठीचे इतर कंपन्यांचे भाग भरपूर आहेत. शिवाय कॅलिफोर्नियाच्या मंजूर पिस्तुलांच्या यादीत चौथी-पाचवी वर्षानुवर्षं नसल्याने तिथे तिसरीच विकली जात राहिली.

स्लाइडवर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारं भिंग) बसवता येणाऱ्या एमओएस आवृत्तीत एक जागा सांभाळायची. उजव्या बाजूच्या स्क्रूच्या खाली एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे चेंबरमधून आवरण ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, दांड्याची नळी आहे. गरजेपेक्षा लांब स्क्रू तिथे टेकला की एक्स्ट्रॅक्टर मोकळा हलत नाही आणि रिकामी आवरणं चेंबरमध्येच राहू लागतात. रेड डॉट लावल्यानंतर अशी अडचण सुरू झाली, तर आधी स्क्रू काढून पाहा.

तेल कुठल्याही पिढीला थोडंच लागतं. स्लाइडच्या दोन्ही बाजूंच्या खाचांना एकेक थेंब, नळीच्या वरच्या बाजूला पुसट थर आणि चापाची पट्टी कनेक्टर नावाच्या छोट्या पत्र्याला जिथे घासते त्या कोपऱ्यात एक थेंब. हा शेवटचा थेंब सगळ्यात महत्त्वाचा, तिथे कोरडं पडलं की चाप खरखरतो. फायरिंग पिनच्या मार्गात तेल अजिबात नको. काजळी चिकटून लगदा होतो, पिन हळू पुढे जाते आणि काडतूस पेटत नाही.

तिसरीतून पाचवीकडे जाताना जुनं होल्स्टर बहुधा चालतं, पण उजवीकडचा नवा स्लाइड स्टॉप एखाद्या घट्ट साच्यात घासतो. पिस्तूल रिकामं करून, स्लाइड मागे न अडकवता बंद ठेवून, होल्स्टरमध्ये पाच-दहा वेळा घालून काढा. मग स्टॉपच्या टोकाशी आणि होल्स्टरच्या आतल्या भिंतीवर घासल्याची रेघ उमटली आहे का, ते उजेडात पाहा.