मांजा लागला बोटाला, कुलूप विचारतंय ‘कोण तुम्ही?’

(बंद दारासमोर उभं राहून, तर्जनी कॅमेऱ्याजवळ)

हे बघा, उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा प्रसाद. मांज्यानं बोट आडवं कापलंय. गच्चीवरून खाली आलो, दाराच्या बोटाच्या ठशानं उघडणाऱ्या कुलपावर बोट टेकवलं, तर लाल दिवा. पुन्हा लाल. पाचव्यांदा कुलूपच रुसलं, काही मिनिटं दादच देईना. आई मांडवीहून उंधियू घेऊन येईपर्यंत मी आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराच्या पायरीवर! आजोबांच्या कडीकोयंड्यानं असं कधी केलं नव्हतं.

तर झालं काय?

(बोट जवळून)

बोटावर उंच रेघा असतात, मधे चर. आमच्या कुलपातल्या सेन्सरला रेघ टेकते तिथे विद्युत धारिता (वीजभार साठवण्याची क्षमता) जास्त मिळते, चर असतो तिथे कमी. त्यावरून चित्र तयार होतं. पण कुलूप ते चित्र सहसा जपून ठेवत नाही. रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, एवढ्या खुणा आकड्यांत टिपून ठेवतं.

आता गंमत अशी, की बोट दर वेळी जरा वेगळंच टेकतं. कधी तिरकं, कधी दाबून. त्यामुळे तंतोतंत जुळणी होतच नाही. ‘पुरेसं जुळतंय का?’ एवढंच कुलूप बघतं. ही अट कडक केली तर चोर बाहेर, आणि बऱ्याचदा आपणही बाहेर. सैल केली तर भलताच आत. माझ्या कापलेल्या बोटावर रेघा मधेच तुटल्या, नको तिथे ‘शेवट’ दिसू लागले, अट पुरी होईना. ओल्या बोटाचंही तेच, चरांत पाणी भरतं.

आजीचं बोट तर पहिल्या दिवसापासून लागलं नाही. आयुष्यभर भांडी घासून रेघा पुसट झाल्यात. तिला आकड्यांचा पिन दिलाय, तो ती मोठ्यानं म्हणत दाबते. असो.

फसवता येतं का? येतं. जपानचे संशोधक त्सुतोमू मात्सुमोतो यांनी २००२ मध्ये जिलेटिनच्या नकली बोटांनी सेन्सर फसवून दाखवले होते. म्हणून कुलूप घेताना जिवंत बोट ओळखण्याची सोय आहे का, ते विचारा.

दोन्ही हातांची बोटं नोंदवा. सेल संपत आले की कुलूप ओरडतं, ते ऐका. पार संपलेच, तर बऱ्याच कुलपांना बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवता येते.

आणि सोबत आलेली चावी? त्या दिवशी ती आत, देव्हाऱ्याखालच्या खणात होती. आता समोरच्या काकूंकडे आहे.