टबातला फेस आणि शूची आग

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात पोरांना सुट्टी लागली, की लक्ष्मीपुरीतनं आणलेला प्लॅस्टिकचा टब गच्चीवर येतो. पाण्यात शाम्पू ओतायचा, हातानं घुसळायचं, की झाला बबल बाथ! पोरं तासभर बाहेर निघत नाहीत. रात्री चार-पाच वर्षांची लेक शू करताना रडायला लागते. आजी म्हणते, उन्हाळी लागलीय, सब्जाचं पाणी द्या. आई म्हणते, इन्फेक्शन झालं असणार.

फेसामुळं मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होतो, याला भक्कम पुरावा नाही. आग मात्र खरी असते. वयात येण्याआधी मुलीच्या शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक फार कमी असतं. त्यामुळं शूच्या जागेची त्वचा पातळ आणि नाजूक राहते. साबण-शाम्पूतली फेस करणारी रसायनं आणि सुगंध तिथं बराच वेळ लागून राहिले, की त्वचा लाल होते, खाजते. त्यावरून लघवी गेली की झोंबते. मुलगी रडते ती याच झोंबण्यानं, पण लक्षण हुबेहूब इन्फेक्शनसारखं दिसतं.

आपल्याकडं तर टबापेक्षा बादलीतलं डेटॉल जास्त त्रास देतं. स्वच्छतेच्या नावाखाली मुलीची ती जागा रोज डेटॉलनं किंवा साबणानं घासणाऱ्या आया मी बघते. कशाला? तिथं साधं पाणी पुरतं. फेसात खेळायचंच असेल तर दहा मिनिटं खेळू द्या, वरून दोन तांबे स्वच्छ पाणी ओता, टॉवेलनं न घासता टिपून घ्या आणि सुती चड्डी घाला. ओल्या कपड्यात बसवू नका. नुसती त्वचेची आग असेल तर एवढ्यावर दोन-तीन दिवसांत उतार पडतो.

आता खरं इन्फेक्शन. ते बहुतेक वेळा शौचातल्या ई-कोलाय जंतूंमुळं होतं. मुलींचा मूत्रमार्ग आखूड, त्यामुळं जंतूंना मूत्राशयापर्यंतचा रस्ता जवळचा. म्हणून धुताना हात पुढून मागं न्यायचा, हे लहानपणीच शिकवा. पण माझ्या मते यात सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे शाळेचं स्वच्छतागृह. घाण वाटतं म्हणून मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, दुपारपर्यंत लघवी दाबून धरतात आणि घराच्या दारात दप्तर टाकून पळत सुटतात. जोडीला बद्धकोष्ठ असला, तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, लघवी पूर्ण होत नाही, आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. पालकसभेत गुणांइतकंच संडासातल्या पाण्याबद्दलही विचारा की!

ताप, उलट्या, पोटात किंवा कमरेत दुखणं, लघवीत रक्त, यातलं काही दिसलं तर सब्जावर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. घाण वास येणारा किंवा रक्ताळलेला स्राव दिसला, तरीही दाखवाच. कधी कधी आत टिश्यू पेपरचा तुकडा अडकलेला निघतो. रात्रीच खाज सुटत असेल तर बारीक जंत असू शकतात, त्याचं औषध बहुधा सगळ्या घराला घ्यावं लागतं.

आणि मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली कपाटातनं काढू नका. कल्चरसाठी, म्हणजे लघवीत कुठले जंतू वाढतात ते बघायच्या तपासणीसाठी, लघवी पहिल्या डोसाआधी द्यायची असते. सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत धरा. रिपोर्ट यायला दोनेक दिवस लागतात. तोवर औषध द्यायचं की थांबायचं, हे डॉक्टर मुलीला तपासून ठरवतील.

नमस्कार.